पहिल्या नंबरचं बाळ

परवा आमच्या लेआउटच्या चौकात गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांचा फलक लागला. संगीत खुर्ची, रांगोळी, पाककृती, आणि सगळ्यात खाली लाल अक्षरांत सुदृढ बालक स्पर्धा. मी भाजीची पिशवी हातात घेऊन बराच वेळ त्या लाल अक्षरांसमोर उभा राहिलो. फलक रंगवणारी पोरं माझ्याच हाताखालून गेलेली. त्यांना म्हणावंसं वाटलं, बाबांनो, बाकी सगळं करा, एवढी एक स्पर्धा गाळा. पण त्यांनी काहून गुरुजी म्हणून विचारलं असतं, तर मला उमाठे सिस्टरांपासून सुरुवात करावी लागली असती, आणि उन्हात उभं राहून एवढं सांगण्याचं त्राण आता माझ्यात नाही. घरी आलो, पंखा लावला आणि पडून राहिलो. सिस्टर काही डोक्यातून जाईनात.

आमची प्राथमिक शाळा आणि सिस्टरांचा दवाखाना एकाच पत्र्याच्या इमारतीत होते. मधे एक विटांची भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. त्यामुळे तिकडे बाळ रडलं की इकडे पाढे थांबायचे, आणि इकडे मी कुणाला रागावलो की तिकडून आवाज यायचा, "गुरुजी, हळू. माझं गिऱ्हाईक झोपलं आहे." दवाखाना कुठल्याशा संस्थेचा होता. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे आणि ऊन चढायच्या आत पसार व्हायचे. बाकी सगळं राज्य सिस्टरांचं. बुटक्या, सावळ्या, पांढरी सुती साडी, पायात टायरच्या चपला आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक हुकाचा ताणकाटा आणि बाळ ठेवायची झोळी. कडुनिंबाची फांदी असो की कुणाच्या घराचं आढं, सिस्टर काटा अडकवायच्या, झोळीत बाळ घालायच्या आणि डोळे बारीक करून आकडा वाचायच्या.

त्यांच्याबद्दल मला फारसं काही ठाऊक नाही. माहेर आर्वीकडचं. नवरा होता की नव्हता, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमची सौभाग्यवती असल्या चौकशांत तरबेज, पण तिलाही सिस्टरांनी चहा पिता पिता असं काही टोलवलं की ती स्वतःच्याच माहेरचं सगळं सांगून परत आली. कुणाच्या घरी गेल्या तर त्या खुर्चीवर बसत नसत. बाहेरच्या पायरीवर बसायच्या, गुडघ्यांवर हात दाबायच्या आणि "थकली गं बाई" म्हणायच्या. म्हणजे बोलणं सुरू होणार हे घरातल्यांना कळायचं. खुर्चीवर बसलं की बाया खरं सांगत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आपलं काय ठरलं होतं?" खरं म्हणजे काही ठरलेलं नसायचं. सिस्टरांनी सांगितलेलं असायचं आणि समोरच्या बाईनं मान डोलावलेली असायची. पण पुढच्या वेळी सिस्टर अशा विचारायच्या, की जणू दोघींनी मिळून पंचांसमोर ठराव केला आहे. हेच वाक्य त्या माझ्या पोटाकडे पाहूनही म्हणायच्या. मी शर्ट खाली ओढायचो.

त्या दिवसांत हुडकेश्वरच्या बाजूला सगळी तुरीची वावरं होती. त्यांतल्या काही वावरांत चुन्याच्या रेघा पडल्या, त्यांना लेआउट म्हणायला लागले आणि भिवापूर, उमरेड, कुही, काटोलकडची माणसं एकेक खोली बांधून राहायला आली. कुणी मिलमध्ये, कुणी बसच्या डेपोत, कुणी विजेच्या खात्यात लागलेला. पिढ्यान्‌पिढ्या शेतात राबलेली ही मंडळी. यांच्या बायांचा दिवस गावात निंदणात नाही तर कापूस वेचण्यात जायचा, आणि त्याच्या आधी विहिरीचं पाणी, जात्यावरचं दळण. इथं वर्षा-दोन वर्षांत नळ अंगणात आला, चक्की कोपऱ्यावर निघाली, चुलीच्या जागी स्टोव्ह आला. शेतातली भूक मात्र सोबत आली होती. गावात सणालाच होणारी पोळी इथं रोज व्हायला लागली, ज्वारी मागं पडली, वनस्पती तुपाचा पिवळा डबा फळीवर दर्शनी ठेवण्यात येऊ लागला. गावाकडचं कुणी भेटायला आलं आणि म्हणालं, "नागपूर मानवलं वं तुले," की त्या घरातली बाई आठ दिवस खूश असायची. उलट कुणी "वाळली" म्हटलं तर संपलं. वाळली याचे दोनच अर्थ होते. एक तर घरात खायला नाही, नाही तर छातीचा रोग आहे.

सिस्टर आल्या तेव्हा मात्र प्रश्न उलटा होता. बाळं जगत नव्हती. खोकला, हगवण, गोवर, काहीही निमित्त पुरायचं, कारण अंगात मुळात काही नसायचंच. सिस्टरांनी या बायांना एकच गोष्ट पढवली, बाळाचं वजन. वजन वाढून राहिलं म्हणजे बाळ आपलं. ते तेव्हा खरं होतं. आज कुणी त्याला हसू नये. वजनाची गोडी लागावी म्हणून त्यांनीच संक्रांतीच्या सुमारास सुदृढ बालक स्पर्धा सुरू केली. ज्याचं वजन जास्त त्याचा पहिला नंबर, इतका सोपा नियम. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा आणि स्टुडिओत काढलेला बाळाचा फोटो. डबा किराणा दुकानवाले ठवकर काका द्यायचे. ते लेआउटच्या सोसायटीचे अध्यक्षही होते आणि तूप-साखरही त्यांच्याच दुकानातून जायची, त्यामुळे त्यांचं दातृत्व अगदीच निरपेक्ष नव्हतं.

काय थाट असायचा त्या दिवशी. काट्यावर चढवायच्या आधी बाळांना नरड्यापर्यंत दूध पाजलेलं असायचं. एका आजीनं नातवाच्या हातापायांत चांदीचे वाळे, कमरेला जाड करदोडा आणि गळ्यात ताईत असा सगळा साज घालून आणला. सिस्टरांनी एकेक काढून आजीच्या ओंजळीत दिला. आजी म्हणाली, देवाचा ताईत तरी ठेवा. सिस्टर म्हणाल्या, "देवाले आपण दुसऱ्या वर्गात बसवू." सगळं लेआउट हसलं. तो नातू हरला आणि आजी पुढं वर्षभर सिस्टरांशी बोलली नाही.

गुणाबाईच्या बबनचा पहिला नंबर आला त्या वर्षी मात्र कुणी हसलं नाही. गुणाबाई भिवापूरकडची. नवरा सदाशिव डेपोत फिटर. थोरली सुमन जगली होती, पण तिच्या पाठचे दोन मुलगे गावातच गेले, एक रांगता आणि एक त्याहून लहान. बबन नागपुरात झालेला. सिस्टरांनी आकडा पुकारला तेव्हा गुणाबाई कडुनिंबाखाली बाळ मांडीवर घेऊन बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. डबा घ्यायला उठेचना. शेवटी सिस्टरांनीच डबा तिच्यापुढे नेऊन ठेवला आणि तिच्या बाजूला जमिनीवर बसल्या. बबनचा फोटो घरात देवांच्या ओळीत लागला आणि त्यालाही हार पडू लागला. त्या दिवसापासून गुणाबाईचा जगाला एकच प्रश्न होता, जेवलं का. तिच्या दारावरून जाणाऱ्या पोस्टमनलाही तो चुकला नाही.

पुढं काही वर्षांनी बबन माझ्या चौथीच्या वर्गात आला. गोरा, गोल, स्वभावानं गरीब. कवायतीला मैदानाची फेरी मारायला लावली की अर्ध्यात बसायचा, छाती धरून दम घ्यायचा. पोरं त्याला ढोल्या म्हणायची. त्यानं ते नाव इतकं स्वीकारलं होतं, की हजेरीला एकदा चुकून त्याच नावाला हजर म्हणाला. मी भिंतीपलीकडं जाऊन सिस्टरांना म्हटलं, जरा येऊन पाहता का. त्या कवायतीच्या वेळी आल्या आणि उन्हात हात कपाळाला लावून पाहत राहिल्या. मागं रेंगाळणारी तीन-चार पोरं होती. सिस्टरांनी त्यांची नावं मला न विचारता सांगितली. मग शाळेच्या पायरीवर बसल्या. त्या दिवशी थकली गं बाई म्हणाल्या नाहीत.

"गुरुजी, हे सगळे माझेच हो," त्या म्हणाल्या. "पहिला नंबर, दुसरा नंबर."

मला वाटलं, त्यांची समजूत काढावी. मी काहीतरी म्हणालोही, वाढतं वय आहे, उंच झाली की अंग आटोपेल. त्या उठून दवाखान्यात गेल्या. त्याच आठवड्यात त्या पिशवी घेऊन बक्षीसवाल्या घरांतून फिरल्या. पोरांपेक्षा आयांची तऱ्हा वाईट होती. कुणाचे गुडघे, कुणाला पायरी चढवत नाही. गुणाबाईला सारखी तहान लागायची आणि जखम लवकर भरत नसे. सिस्टरांनी तिची लघवी तपासली. परीक्षानळीत निळं औषध घालून दिव्यावर धरायचं, अशी तेव्हाची पद्धत. निळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर जपा, आणि विटेचा रंग आला तर साखर भरपूर. गुणाबाईची नळी विटेसारखी झाली.

तिला सिस्टरांनी सगळं नीट सांगितलं. साखर सोडायची, तूप कमी, पोळीच्या जागी भाकर, रोज चालणं, आणि हेच बबनचंही. गुणाबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुमीच तं सांगतलं होतं, वजन वाढलं पाह्यजे म्हणून. मी तं तुमचंच आयकलं." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हेच सिस्टरांना फार लागलं. मला म्हणाल्या, तिनं भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या संक्रांतीला काटा टांगलाच नाही. बाया बाळांना दूध पाजून, न्हाऊ-माखू घालून आलेल्या. ठवकर काका डबे मांडून बसलेले. सिस्टर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ही स्पर्धा आजपासून बंद. माझी चूक झाली. बाळ जगवायला वजन पाहिजे होतं तेव्हा मी वजन सांगितलं, पण कुठं थांबायचं ते सांगितलं नाही. एवढंच भाषण. कुणाला काही समजलं नाही. ज्यांची बाळं यंदा नंबरात येणार होती त्या घरांनी तर हे वैर धरलं. ठवकर काका लाल झाले. "सिस्टर, पोरं बारीक कराले आमी गाव सोडून आलो का?" असं त्यांनी सगळ्यांसमक्ष विचारलं. प्रश्न खरा होता. सिस्टरांचं डोकं फिरलं, अशी बोलवा पुढं बरेच दिवस होती.

त्यानंतरचे महिने त्या दारोदार फिरल्या आणि दारोदार हरल्या. त्यांच्यासमोर बाया मान डोलवायच्या, चहा बिनसाखरेचा करायच्या, आणि सिस्टर गल्लीच्या वळणावर पोचेस्तोवर साखरेचा डबा पुन्हा निघायचा. दुपारी त्या भिंतीपलीकडून नुसत्या म्हणायच्या, "गुरुजी, जागे आहात का?" मी जागा असायचो.

वाट दाखवली ती गुणाबाईनंच. सिस्टर तिला रागावल्या, शुक्रवारी तुझ्या घरी भजन होतं तेव्हा जिलबी आणि शेव काहून ठेवली म्हणून. गुणाबाई म्हणाली, "मी एकटीनं कमी ठेवलं तं सदाशिवची बायको चिकट हाय म्हणतीन. सगळ्याईनंच कमी ठेवलं तं कोण कोणाले म्हणन?" सिस्टर तिथून उठल्या त्या थेट भजनी मंडळाच्या बायांकडं गेल्या. नंतर मला म्हणाल्या, मी इतकी वर्षं एकेक घर धरून बसली, आणि खाणं तर सगळ्या लेआउटचं एकच आहे.

मग जे घडलं त्यात आम्ही सगळेच ओढले गेलो. मंडळानं ठरवलं, भजनाला फुटाणे आणि ताक, त्याहून जास्त जी आणेल तिला पुढच्या शुक्रवारी टाळ मिळणार नाही. भजन घरोघरी न करता पलीकडच्या हनुमानाच्या देवळात, म्हणजे वावरांतून जाऊन-येऊन चालणं होईल. हळदीकुंकवाच्या वाणात मिठाईऐवजी बोरं आणि ओला हरभरा. ठवकर काका आधी फुरंगटून होते, पण सिस्टरांनी त्यांना मंडळाच्या पहिल्या भजनाला पाहुणे म्हणून बोलावून हार घातला आणि आठ दिवसांत त्यांच्या दुकानात ज्वारीची पोती लागली. माझ्या वाट्याला शाळेच्या फाटकावरचा गोळ्या-बिस्किटवाला आला. त्याला शेंगदाण्यांवर आणताना माझी निम्मी अक्कल खर्च झाली. बबनबरोबर मीही मैदानाला फेरी मारायला लागलो. घरी माझ्या चहातली साखर अर्ध्यावर आली, तेव्हा मी तक्रार केली तर सौभाग्यवती म्हणाली, मंडळाचं ठरलं आहे. मंडळात मी नाही, हे तिला मान्य नव्हतं.

हे वर्षभर चाललं, आणि मी सांगतो, ते वर्ष चांगलं होतं. संध्याकाळी त्या वीस-पंचवीस बाया पदर खोचून हसत-बोलत देवळाकडं निघालेल्या पाहिल्या की गाव त्यांच्यात परत आल्यासारखं वाटायचं. गुणाबाई हलकी झाली. तिची नळी हिरव्यावर आली. बबननं एकदा मैदानाची फेरी पुरी केली, सगळ्यांच्या शेवटी, पण केली. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि दवाखान्याच्या उंच खिडकीतून सिस्टरांनीही. त्या स्टुलावर चढून पाहत होत्या.

मग सुमनचं लग्न निघालं. स्थळ उमरेडचं, चांगलं, शेती आणि शिवाय मुलगा मास्तर. पाहायला आलेल्यांत मुलाची आत्या होती. पोरगी पसंत पडली, पण जाताना आत्याबाईंनी मध्यस्थाच्या कानात सांगितलं, पोरीच्या मायच्या अंगावर काही नाही, आधी भरलेली होती म्हणतात, घरात छातीचा रोग तं नाही? झालं. निरोप यायचा थांबला. मध्यस्थानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सुमननं पाटावर बसून तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकलं होतं. तिचं वय अठराचं, आणि त्या काळी रोगाच्या संशयानं मोडलेलं एक स्थळ म्हणजे पुढची दहा दारं बंद.

सिस्टरांच्या हे कानावर आलं आणि त्या तडक उमरेडच्या बसमध्ये बसल्या. मुलाच्या घरी जाऊन त्यांनी सगळं समजावलं. गुणाबाईला छातीचं काही नाही, उलट तिनं कष्टानं अंग कमी केलं, ते तिच्या भल्याचंच आहे. घरच्यांनी चहा दिला, सगळं शांतपणे ऐकलं, बसपर्यंत सोडायला माणूस दिला. सिस्टर समाधानानं परत आल्या. दोन दिवसांनी उमरेडहून मध्यस्थ आला. तिकडं एकच चर्चा होती, काहीच नाही तर दवाखान्याची नर्स एवढ्या लांब काहून आली?

हे मी पाहिलं आहे. गुणाबाई दवाखान्यात आली आणि सिस्टरांसमोर उभी राहिली. सिस्टर म्हणत होत्या, मी सर्टिफिकेट आणते, मोठ्या डॉक्टरांची सही आणते. गुणाबाई म्हणाली, "कागद पाहून कोणी सून नेत नाही बाई. आता तुमी काही नका करू. लग्न होऊन जाऊ द्या, मंग तुमी म्हणान तशी वाळते." आणि गुणाबाईनं सिस्टरांच्या खांद्यावर हात ठेवला, थोरल्या बहिणीनं ठेवावा तसा. खरं तर ती सिस्टरांपेक्षा बरीच लहान होती.

त्या दिवसापासून गुणाबाई जेवायला लागली. तिला भूक होती म्हणून नाही. सकाळी तूप-साखर-पोळी, दुपारी भात, संध्याकाळी दुधात भिजवलेल्या जिलब्या. मंडळाच्या बायांना तिनं हात जोडून सांगितलं, मले टाळ नका देऊ, पण मले खाऊ द्या. सिस्टर रोज संध्याकाळी तिच्या पायरीवर जाऊन बसायच्या, नळी तपासायच्या, डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या तिच्या हातावर ठेवायच्या. नळीचा रंग सांगायच्या नाहीत आणि गुणाबाई विचारायची नाही. आत्याबाई दुसऱ्यांदा आल्या, गुणाबाईला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि होकार दिला.

वैशाखात लग्न झालं. गुणाबाई भरल्या अंगानं, नव्या पातळात, अनवाणी मांडवभर धावत होती. नागपूरचा वैशाख, खाली तापलेली जमीन. पायाला फोड आला तो तिनं कुणाला दाखवला नाही, कारण दाखवला असता तर सिस्टरांनी तिला बसवलं असतं आणि पाहुण्यांनी विचारलं असतं. सुमन सासरी गेली, तिला न्यायला-आणायला मूळ आलं, गेलं, तरी ती पाऊल लपवून चालत राहिली. सिस्टरांना वास आला तेव्हा अंगठा काळा झाला होता. मोठ्या दवाखान्यात नेलं, आधी अंगठा काढला, मग घोट्यापासून पाय. विष वर चढायचं थांबलं नाही. श्रावणात गुणाबाई गेली. बबन तेव्हा सहावीत होता. मी त्याला आणायला त्याच्या नव्या शाळेत गेलो, तर तो माझ्याबरोबर चालला आणि घराच्या कोपऱ्यावर येऊन म्हणाला, गुरुजी, मी आत नाही जात.

सिस्टर या सगळ्यात रडल्या नाहीत. त्या एकदम म्हाताऱ्या झाल्या. भिंतीपलीकडून जागे आहात का असं विचारणं थांबलं. मी एकदा होऊन विचारलं, तर म्हणाल्या, "हो. जागीच आहे."

तेरवीचा स्वयंपाक भजनी मंडळानं केला. सदाशिवनं तेवढंच मागितलं होतं. पंगत बसली, आम्ही लेआउटवाले एका बाजूला, भिवापूरचे आणि उमरेडचे पाहुणे दुसऱ्या बाजूला. पत्रावळीवर आलं ते ज्वारीची भाकर, वरण, अंबाडीची भाजी आणि कोपऱ्यात गुळाचा एक खडा. बुंदी नाही, शिरा नाही, तुपाची धारही नाही. बायांनी हे आपसात ठरवलं होतं. सिस्टरांनाही त्यातलं काही माहीत नव्हतं. त्या पंगतीत माझ्या समोरच बसल्या होत्या, आणि पत्रावळीकडे पाहत त्यांनी हात मांडीवरच ठेवला.

उमरेडच्या आत्याबाईंनी पत्रावळ पुढं सरकवली. गोडाशिवाय तेरवी कशी होते, सुतक कसं फिटते, माणसाच्या नावानं निदान एक गोड घास नको का, असं त्या सगळ्या पंगतीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या. सदाशिव खाली मान घालून उभा राहिला. भाकऱ्यांची टोपली घेऊन वाढत होती ती सुमन. लग्नाला चार महिने झालेले, अंगावर हिरवा चुडा, आणि चेहरा असा उतरलेला की ओळखू येऊ नये. ती आत्याबाईंसमोर थांबली. सासरच्या माणसासमोर मान वर करायची नसते, तिनंही केली नाही.

"आत्याबाई, माय गोड खाऊनच गेली," ती म्हणाली. "तुमी पसंत करावं म्हणून खाल्लं तिनं."

आत्याबाईंचा हात काही वेळ तसाच पत्रावळीच्या कडेला होता. मग त्यांनी पत्रावळ ओढून घेतली, भाकर मोडली आणि वरणात बुडवली. हळूहळू बाकीचे जेवायला लागले. त्या वर्षभरात लेआउटनं सिस्टरांचं जेवढं ऐकलं नसेल तेवढं त्या एका पंगतीनं ऐकलं, पण सिस्टरांकडं पाहायचं माझं धाडस झालं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी जमिनीला हात टेकला आणि मधूनच उठल्या. भरल्या पंगतीतून उठू नये म्हणतात, पण त्या दिवशी त्यांना कुणी टोकलं नाही. त्या सुमनपाशी गेल्या, तिच्या हातातली टोपली काढून खाली ठेवली आणि तिचं मनगट धरून पाहिलं. चुडा कोपरापर्यंत सरकत होता. सिस्टरांनी तिला दंडाला धरून आणलं, स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या पत्रावळीसमोर बसवलं, आणि आत जाऊन फळीवरची तुपाची वाटी घेऊन आल्या. वरणावर तूप वाढलं, थोडं थांबल्या, मग आणखी वाढलं. सुमन त्यांच्याकडे पाहत राहिली.

"जेव बाई," सिस्टर म्हणाल्या. "पोटभर जेव."